उरायासुच्या मुलांची शिदोरी

तोक्यो महानगराच्या पूर्व सीमेवरून वाहणारी जुनी एदो नदी जेथे उपसागराला मिळते, तेथे तिच्या डाव्या तीरावर, चिबा प्रांताच्या हद्दीत, उरायासु हे सुमारे १ लाख ७० हजार वस्तीचे शहर आहे. बाहेरच्या जगाला ते १५ एप्रिल १९८३ रोजी तेथे उघडलेल्या डिस्नेलँडमुळे ठाऊक झाले. परंतु शहरी शाळांत वेगवेगळ्या घरांतून, बोलींतून आणि देशांतून आलेल्या मुलांकडे समाज कसा पाहत आला, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाला या गावाचा इतिहास त्या करमणूक उद्यानापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो. स्थानिक लोक आपल्या शहराचे तीन भाग मानतात: मोतोमाची म्हणजे मूळ गाव, नाकामाची म्हणजे समुद्र हटवून प्रथम तयार केलेला मधला भाग आणि शिनमाची म्हणजे त्याही पुढचा नवा भाग. या तीन थरांत तीन वेगळ्या प्रकारची कुटुंबे आली आणि त्यांच्या मुलांनी घरची भाषा, कामाची जाण, नातेसंबंध आणि सवयी यांची शिदोरी बरोबर आणली. शाळेने मात्र ही शिदोरी बहुतेक वेळा उघडूनही पाहिली नाही. मुलाकडे काय नाही याचीच नोंद आधी केली.

मूळ गावाची भाषा किती जुने ज्ञान साठवून होती, हे तेथील नावांवरून दिसते. होरिए, नेकोझाने आणि तोदाइजिमा ही तीन खेडी एकत्र करून १८८९ मध्ये उरायासु हे गाव स्थापन झाले आणि उपसागर शांत, सुरक्षित राहावा या अर्थाचे नाव त्याला देण्यात आले. यांपैकी नेकोझाने हे नाव लिहिताना त्यात मांजराचे चिन्ह येत असले, तरी परंपरा त्याचा उगम वेगळा सांगते. समुद्राच्या मोठ्या लाटेने गाव उद्ध्वस्त झाल्यावर लोकांनी बांध घातला, त्यावर पाइनची झाडे लावली आणि पाण्याने या झाडांची मुळे ओलांडू नयेत अशी इच्छा धरली. 'मुळे न ओलांडो' या अर्थाचे ते जुने शब्द पुढे झिजत झिजत नेकोझाने झाले. म्हणजे गावाच्या नावातच भरतीची मर्यादा नोंदलेली होती, आणि ते नाव उच्चारणारे प्रत्येक मूल, त्याला ठाऊक असो वा नसो, एका संकटाची आठवण पुढे नेत होते.

या गावाचे पोट उथळ समुद्रावर चालत असे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात असारी आणि हामागुरी या जातींचे शिंपले मिळत, आणि हिवाळ्यात नोरी, म्हणजे पातळ कागदासारखे वाळवून खाल्ले जाणारे समुद्रशेवाळ, काढले जाई. त्यासाठी बेकाबुने नावाची एका माणसापुरती, सपाट तळाची लाकडी होडी वापरत. नोरीचे काम ऐन थंडीतले. गारठलेल्या पाण्यातून शेवाळ खुडायचे, धुऊन बारीक चिरायचे, पाण्यात कालवून लहानशा चटईवरच्या चौकटीत एकसारखे ओतायचे आणि अशा चटया उन्हाकडे तोंड करून मांडायच्या. थर जाड पडला तर नोरी उग्र दिसते, पातळ पडला तर फाटते, वाळवण उशिरा लागले तर रंग जातो. हे सगळे हाताला आणि डोळ्याला कळावे लागते. म्हणून अशा घरातले मूल अक्षर गिरवण्याआधी वारा ओळखू लागते. कान्तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बोलीत आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'इनासा' आणि उत्तरेच्या बाजूने येणाऱ्या थंड वाऱ्याला 'नाराइ' म्हणतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण वरळी-वेसाव्याच्या कोळीवाड्यातले मूलही उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक भूगोलाच्या तासाला नव्हे, बापाच्या होडीवर शिकते, आणि त्या ज्ञानाला गुण देणारी प्रश्नपत्रिका तेथेही निघालेली नाही.

जपानमध्ये १८७२ च्या शिक्षण आदेशाने देशभर प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली. या व्यवस्थेने एका पिढीत साक्षरता कुठल्या कुठे नेली, हे तिचे मोठे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु राष्ट्र एक तर भाषा एक, हा विचारही तिच्याच हातात हात घालून आला. भाषाशास्त्रज्ञ उएदा काझुतोशी यांनी १८९५ मध्ये 'ह्योजुंगो' म्हणजे प्रमाणभाषा या कल्पनेची मांडणी केली. १९०४ पासून सरकारी पाठ्यपुस्तके सर्व प्राथमिक शाळांत लागू झाली, आणि तोक्योतील सुशिक्षित वर्गाची बोली हे शुद्धतेचे माप ठरले. याचे सर्वांत कठोर रूप ओकिनावा बेटांवर दिसले, जेथे वर्गात घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी, अडकवत. दुसरे मूल तोच गुन्हा करताना सापडेपर्यंत ती पाटी उतरत नसे. तोक्योच्या वेशीवरच्या गावात अशी पाटी गळ्यात घालण्याची वेळ येण्याचे कारण नव्हते, पण खाडीकाठची बोली खडबडीत, अडाणी आणि विसरण्याजोगी, हा समज पसरायला पाटीची गरजही नसते.

हा समज साहित्यातूनही टिकला. कादंबरीकार यामामोतो शुगोरो १९२८-२९ च्या सुमारास उरायासुत राहिले आणि त्या अनुभवावर आधारलेली 'आओबेका मोनोगातारी', म्हणजे निळ्या बेका होडीची गोष्ट, १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. हे लेखन रसरशीत आहे आणि त्यामुळेच या गावाचे नाव जपानभर पोहोचले; तरीही बाहेरून आलेल्या लेखकाच्या नजरेला तेथील माणसे मुख्यतः विक्षिप्त, मोकाट आणि नागर रीतीपासून दूर अशी दिसतात. माणसे रंगतदार असतात, पण ज्ञानी नसतात, असा हा दृष्टिकोन शहरांनी किनाऱ्याकडे आणि डोंगराकडे पाहताना सर्वत्र बाळगला आहे.

प्रत्यक्षात या 'अडाणी' माणसांनी देशाला दोन कायदे दिले. १९५८ च्या वसंतात एदो नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या होन्शु कागद कंपनीच्या कारखान्यातून काळे पाणी येऊ लागले आणि शिंपले मरू लागले. पाण्याचा रंग, वास आणि मेलेल्या शिंपल्यांची जागा यांवरून कोळ्यांनी कारण ओळखले, दाद मागितली आणि दाद लागेना तेव्हा १० जून रोजी शेकडो कोळी कारखान्यात घुसले. पोलिसांशी चकमक होऊन अनेक जण जखमी झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या संसदेने पाण्याची गुणवत्ता राखण्याचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर नियंत्रण ठेवण्याचा असे दोन कायदे संमत केले. देशातील जलप्रदूषणाविषयीचे हे पहिले राष्ट्रीय कायदे, आणि त्यांच्या मुळाशी प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे तर किनाऱ्यावरच्या माणसांची पारख होती. या घटनेचे स्थान उद्योगाच्या इतिहासात ठरलेले आहे. शिक्षणाच्या इतिहासातही तिला जागा मिळायला हवी.

कायदे आले, पण मासेमारी वाचली नाही. कोळ्यांनी १९६२ मध्ये मासेमारीच्या हक्कांचा काही भाग आणि १९७१ मध्ये उरलेला सर्व भाग सोडून दिला. समुद्रात भराव घालण्याचे काम १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चालू झाले आणि ते संपेपर्यंत साडेचार चौरस किलोमीटरांपेक्षाही लहान असलेले गाव जवळजवळ १७ चौरस किलोमीटरांचे झाले. १९६९ मध्ये तोझाई भुयारी मार्गाचे स्थानक उरायासुत आले, तोक्योचे कार्यालयीन केंद्र काही मिनिटांवर आले आणि १९८१ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. भरावावरच्या नव्या वसाहतींत सारा देश उतरला. क्युशुचे, तोहोकुचे, ओसाकाचे लोक शेजारी राहू लागले आणि नव्या शाळांच्या वर्गांत अशी मुले भरली, ज्यांच्या घरी चार प्रांतांच्या बोली होत्या आणि ज्यांना एकमेकांशी बोलताना त्या सर्व खाली ठेवाव्या लागत.

याच काळात जपानी शिक्षणात एक प्रयोग नकळत घडला. परदेशातील शाखांत काम करून परतलेल्या जपानी नोकरदारांच्या मुलांना 'किकोकु शिजो', म्हणजे मायदेशी परतलेली मुले, असे नाव मिळाले. आरंभी ही मुले एक समस्या मानली गेली. ती वर्गात प्रश्न विचारत, थेट बोलत, त्यांची जपानी अडखळत असे. त्यांच्यावरच्या उपचाराला शिक्षकांच्या वर्तुळात 'गाइकोकु हागाशी' असे म्हणत, ज्याचा अर्थ अंगावर चढलेला परदेश सोलून काढणे, आणि त्यानंतर 'सोमेनाओशी', म्हणजे पुन्हा मूळ रंगात बुडवून काढणे. कापडाच्या रंगाऱ्याचा हा शब्द मुलांसाठी वापरावा लागावा, यातच त्या दृष्टीची मर्यादा उघड होते. परंतु व्यापार जसा जगभर पसरला, तशी तीच अस्खलित इंग्रजी आणि तोच मोकळेपणा १९८० च्या दशकात मौल्यवान ठरला. विद्यापीठांनी अशा मुलांसाठी प्रवेशाचे वेगळे मार्ग उघडले आणि सरकारी धोरणात त्यांचे 'वैशिष्ट्य टिकवणे व वाढवणे' अशी भाषा आली. मुले तीच होती, त्यांचे ज्ञान तेच होते; बदलला तो समाजाचा हिशेब. उणीव आणि सामर्थ्य यांतील रेषा मुलाच्या आत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, याचा इतका स्वच्छ पुरावा शिक्षणाच्या इतिहासात विरळाच.

तोच न्याय पुढच्या लाटेला मात्र मिळाला नाही. १९९० मध्ये परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यातील दुरुस्ती लागू झाली, जपानी वंशाच्या ब्राझिली आणि पेरुवी कुटुंबांना काम करण्याची वाट खुली झाली, आणि त्यांच्याबरोबर चीन, फिलिपाइन्स, व्हिएतनाम व अन्य देशांतील मुलेही शाळांत वाढली. शिक्षण मंत्रालयाने १९९१ मध्ये प्रथमच जपानी शिकवण्याची गरज असलेल्या परकीय विद्यार्थ्यांची गणती केली, तेव्हा ती संख्या ५,४६३ भरली. गणती आवश्यक होती, कारण गरज मोजल्याशिवाय शिक्षक नेमता येत नाहीत. पण एखाद्या मुलाची सरकारदरबारी पहिली ओळखच त्याला न येणाऱ्या भाषेवरून व्हावी, याचे परिणाम वर्गापर्यंत झिरपतात. त्यात भर म्हणजे, जपानच्या संविधानाच्या २६ व्या कलमातील सक्तीच्या शिक्षणाचे कर्तव्य नागरिकांपुरते मानले जाते. परकीय पालकांनी मागणी केल्यास मुलाला सरकारी शाळेत मोफत प्रवेश मिळतो, पण मूल शाळेत आलेच नाही तर व्यवस्थेला जाब विचारण्याची सक्ती नाही. मंत्रालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशव्यापी पाहणी केली, तेव्हा सुमारे २० हजार परकीय मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता पुढे आली. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर जपानने १९९४ मध्ये शिक्कामोर्तब केले, त्याच्या २९ व्या कलमात शिक्षणाने मुलाच्या स्वतःच्या भाषेचा आणि संस्कृतीचा आदर वाढवावा असे स्पष्ट म्हटले आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

उरायासुपासून नदीपलीकडे, तोझाई मार्गावर दोन स्थानके मागे, निशि-कासाई हा एदोगावा विभागातील भाग आहे. इसवी सन २००० च्या तोंडावर संगणकांतील तारखांचा प्रश्न सोडवण्यासाठी भारतीय अभियंते तोक्योत मोठ्या संख्येने आले आणि बँकांच्या कार्यालयांकडे थेट नेणारा हा मार्ग, तसेच जामीनदार न मागणारी सार्वजनिक गृहसंस्थेची घरे, यांमुळे ते याच परिसरात स्थिरावले. २००४ मध्ये कोतो विभागात आणि २००६ मध्ये एदोगावा विभागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. या वस्तीत मराठी कुटुंबांचीही भर आहे; गणेशोत्सव आणि दिवाळी ती तोक्यो मराठी मंडळाच्या निमित्ताने एकत्र साजरी करतात. महाराष्ट्रातून २००१ मध्ये जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातील एका नामांकित सरकारी माध्यमिक विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. परक्या भूमीत वाढलेली जाण शाळेच्या मुख्य खुर्चीपर्यंत पोहोचू शकते, हे त्यातून दिसले.

२००७ च्या सुमारास जपानमध्ये 'भारतीय गणिता'ची लाट आली. जपानी मूल 'कुकु', म्हणजे नऊ नवे एक्याऐंशीपर्यंतचे पाढे, म्हणते. भारतीय मूल त्यापुढचे पाढे पाठ म्हणते, याचे कौतुक वृत्तपत्रांत झाले, पुस्तके खपली, आणि जपानी पालक भारतीय शाळांत चौकशीला येऊ लागले. पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी घोकून तयार झालेल्या मराठी परंपरेला यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पण ज्या समाजाने या मुलांचे पाढे डोक्यावर घेतले, त्याला त्याच मुलांच्या मराठीत, तमिळमध्ये किंवा गुजरातीत काही घेण्याजोगे आहे असे सहसा सुचले नाही.

वास्तविक मराठी मुलाला जपानी भाषेच्या उंबरठ्यावर अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. जपानी वर्गाच्या भिंतीवर 'गोजुओन', म्हणजे पन्नास ध्वनींचा तक्ता, लावलेला असतो. त्यात स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा आहे आणि ओळींचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा. कंठातून निघणारा क, मग टाळूकडचा स, मग दातांचा त आणि न, मग पूर्वी 'प' असा उच्चार असलेला ह आणि त्याच्या जोडीचा म हे ओठांचे, आणि शेवटी य, र, व: ही आपली वर्णमालाच आहे, आणि क, कि, कु, के, को ही बाराखडीच. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र लिहिण्यासाठी 'सिद्धम्' नावाच्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानमध्ये जोपासला, नवव्या शतकाच्या आरंभी चीनहून परतलेल्या कुकाई यांनी त्याला बळ दिले, आणि त्या अभ्यासातून जपानी ध्वनींची ही मांडणी आकाराला आली. आपल्याकडे अक्षरओळखीचा आरंभ 'ॐ नमः सिद्धम्' या शब्दांनी होई, त्यावरून 'ओनामा' हा शब्द मराठीत रूढ झाला. जपानच्या भिंतीवरचा तक्ता त्याच 'सिद्धम्'चा दूरचा आप्त आहे. वाक्यरचनेतही हीच जवळीक आहे. 'वाताशी वा गाक्को नि इकिमासु' या वाक्यात गाक्को म्हणजे शाळा, नि हा मराठीतील 'ला' किंवा 'त' यांसारखा मागून लागणारा प्रत्यय आणि इकिमासु हे शेवटी येणारे क्रियापद. 'मी शाळेत जातो' म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजी वाक्यापेक्षा हे किती सोपे जाईल, हे शिक्षकाने एकदा लक्षात घेतले तर धडा वेगळाच होतो. चिनी मूल शेकडो चिन्हे ओळखूनच येते. ब्राझिली मुलाची पोर्तुगीज तर जपानी रोजच्या भाषेत आधीपासूनच आहे, कारण जपानी 'पान' आणि मराठी 'पाव' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज भाकरीतून आले आहेत.

हे केवळ भावनेचे म्हणणे नाही. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये भाषांच्या परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडला. त्याचा आशय असा की, दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी विचार करण्याचे, वाचून अर्थ लावण्याचे सामर्थ्य खाली एकच असते, आणि घरच्या भाषेत जे पक्के झाले ते दुसऱ्या भाषेत कामी येते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील टूसॉन शहरात शिक्षकांना मेक्सिकन मजूर कुटुंबांच्या घरी पाठवले, परीक्षक म्हणून नव्हे तर शिकायला, आणि त्या घरांत बांधकाम, शेती, औषधी वनस्पती, व्यापार यांविषयी जे सापडले त्याला 'ज्ञानसंचय' असे नाव देऊन त्यावर पाठ बेतले. जपानमध्ये घरच्या भाषेला 'केइशोगो', म्हणजे वारशाची भाषा, म्हणण्याची रीत आता अभ्यासकांत रुळली आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालत आल्या आहेत, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा यांसाठी आलेल्या माणसांची भाषा शाळेच्या दारात थांबवायची नाही, हा त्या शहराचा निर्णय आज जितका मोठा वाटायला हवा तितका वाटत नाही, आणि त्यातील अनेक वर्ग पटसंख्येअभावी बंद पडत असताना फारसे कोणी हळहळत नाही.

उरायासुने आपल्या पहिल्या थराच्या बाबतीत चूक उशिरा का होईना सुधारली. २००१ मध्ये नेकोझाने येथे शहराचे स्थानिक इतिहासाचे संग्रहालय उघडले. त्याच्या अंगणात १९५२ च्या सुमाराचे कोळी गाव, घरे, दुकाने आणि पाण्याच्या पाटासकट, उभे केले आहे आणि पाटात बेकाबुने तरंगते. शाळांचे वर्ग तेथे येतात. जुने रहिवासी स्वयंसेवक म्हणून त्यांना नोरीच्या चटया, शिंपले सोलण्याची सुरी आणि होडीची वल्ही यांची ओळख करून देतात. या स्वयंसेवकांच्या मंडळाचे नाव 'मोयाइ' या शब्दावर आहे, ज्याचा अर्थ लाटांत हेलकावू नयेत म्हणून होड्या एकमेकींना बांधून ठेवणे असा होतो. ज्या बोलीला एकेकाळी खडबडीत म्हटले, तिचा शब्द आज शहर अभिमानाने मिरवते, आणि ज्यांचे आजोबा कधी या किनाऱ्यावर नव्हते अशी शिनमाचीची मुले तो शिकतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात भरावाची जमीन पाण्यासारखी पातळ होऊन शहराच्या चार पंचमांशाहून अधिक भागाला फटका बसला आणि मूळ गाव बहुतांशी बचावले, तेव्हा जुन्या माणसांना जमिनीविषयी काय ठाऊक होते याची किंमत नव्या वस्तीलाही कळली.

ही सुधारणा कोळ्यांची बोली मरणाला टेकल्यावर झाली. नदीपलीकडून आणि समुद्रापलीकडून आलेल्या मुलांच्या भाषा अजून घराघरांत जिवंत आहेत. त्यांच्यासाठी संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी गोजुओनच्या तक्त्याशेजारी एखाद्या मुलाला आपली वर्णमाला लिहू द्यावी, आणि मराठी आईबापांनी, शाळेत मागे पडेल या भीतीने, मुलाशी घरात मराठी बोलणे थांबवू नये. ही मुले आता थोडीथोडकी नाहीत: २०२३ च्या गणतीत जपानी शिकवण्याची गरज असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या ६९,१२३ झाली असून, त्यांतील ११,४०५ मुले जपानी नागरिक आहेत.